पंधरा की वीस

आमच्या नेरूळच्या लॅबमध्ये माणसं येत नाहीत.
त्यांचे तुकडे येतात, डबीत,
फॉर्मॅलिनमध्ये बुडालेले.

घरत ते मेणात बसवतो,
चार मायक्रॉनचा काप काढतो
आणि कोमट पाण्यावर सोडताना
स्वतःचा श्वास धरून ठेवतो.
फुंकर लागली तर सुरकुती पडते,
सुरकुतीवर निदान लिहिता येत नाही.

आज २७१४.
उजवं फुप्फुस, वरचा कप्पा. पुरुष, एकसष्ट.
बिडी नाही. तंबाखू नाही.
व्यवसायाच्या रकान्यात एकच शब्द: मजुरी.

भिंगाखाली आधी धूळच दिसली,
काजळी सांडावी तशी.
प्रकाश वळवला तर त्या काळ्यात
बारीक कण चमकले.
दगड.
खिडकीतून पारसिकची कापलेली कूस दिसते.
मी तिकडे पाहिलं आणि पुन्हा खाली.

इथे पेशी भिंतीला धरून चालल्यात,
वीज गेल्यावर जिना उतरावा तशा.
हे त्यातल्या त्यात बरं.
भिंत धरणाऱ्याला अजून घर आठवत असतं.
इथे गोल करून बसल्यात,
मध्ये थोडी मोकळी जागा ठेवून. हेही एक वेळ चालेल.

पण कडेला, हवेच्या पोकळीत,
लहान लहान पुंजके, देठ नसलेले,
कुणाचाच हात न धरता सुटलेले.
यांची मला भीती वाटते,
बावीस वर्षं झाली तरी.

हे किती?
पंधरा टक्के असतील तर दुसरी श्रेणी,
वीस असतील तर तिसरी.
काचेवर तो फरक नखाच्या कोराएवढा.
तक्त्यावर मात्र दोन रेषा
काही अंतर जोडीनं चालतात
आणि मग एक खाली उतरू लागते.

नवं सॉफ्टवेअर पुंजक्यांवर लाल रंग भरतं
आणि न अडखळता सांगतं:
अठरा पूर्णांक सहा.
आम्हाला मात्र पाच-पाचच्या पायऱ्या.
अठरावर उभं राहता येत नाही.

मी पुन्हा मोजलं. चहा निवला.
कुरियनना बोलावलं. ते बराच वेळ वाकून राहिले,
मग म्हणाले, "वीसच.
पण हे बघितलंस?"
गाठीच्या वेशीवर, आतही,
मोहरी सांडल्यासारख्या लिम्फोसाइट,
दाटीवाटीनं.
शरीर अजून भांडतंय.
फॉर्मवर त्याला रकाना नाही.
मी शेऱ्यात लिहिलं, दोन ओळी,
लिहून झाल्यावर एक शब्द खोडला.

आठवड्यानं काउंटरवर त्याची मुलगी आली,
रेणुका यल्लाप्पा धोत्रे. ब्लॉक हवे होते,
दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला.
घरत जेवायला गेला होता, म्हणून मीच उठले.

"तुम्हीच बघितलं का?"
"हो."
"किती?"
"वीस टक्के," तोंडातून निघून गेलं.
तिचा चेहरा उजळला.
"म्हणजे ऐंशी चांगलं?"

मी म्हणाले, हे परीक्षेसारखं नसतं.
मी म्हणाले, डॉक्टर नीट समजावतील.
मी म्हणाले, शेऱ्यातलं त्यांना आवर्जून वाचायला सांगा.
मग मला सुचेना.

तीच बोलली.
"तुर्भ्याच्या खाणीत होते. सत्तावीस वर्षं.
तुमच्या या बिल्डिंगखालची खडी
बाबा आपलीच सांगतात.
खरं-खोटं देव जाणे."

"दिसली," मी म्हणाले.
"काय?"
"खडी."

ती माझ्याकडे बघत राहिली,
मग पिशवीतून जेवणाचा रिकामा डबा काढला,
रुमाल अंथरला,
तीन ब्लॉक त्यात ठेवले, मधल्या मेणात तिचा बाप.
"सांभाळायचं कसं यांना?"

मला याचं उत्तर येत होतं.
"ऊन लागू देऊ नका," मी म्हणाले,
"वितळतात."

ती डबा ओढणीखाली धरून
सावलीच्या बाजूनं गेली.